हातातले काम पुरे होईपर्यंत

६ ऑगस्ट

आज सामानासह लेकीच्या घरी आले. ‘काही दिवसांसाठी ये’ असे ती फोनवर म्हणाली होती. ‘काही’ म्हणजे किती, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, “एक ऑक्टोबरपर्यंत.” इतकी नेमकी मुदत ठाऊक असताना ‘काही’ म्हणण्याचे प्रयोजन काय, हे मी विचारले नाही. आल्या दिवशी वाद नको.

एक ऑक्टोबरला तिची रजा संपते. ती इस्पितळात लोकांचे कान तपासते. माझ्या उजव्या कानातले यंत्रही तिनेच मापाने बसवून दिले आहे. रजा आधीच एकदा वाढवून घेतलेली असल्याने आता ती वाढणार नाही. त्या दिवशी ती रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. त्यानंतर दिवसा मुलांकडे मी पाहावे आणि तोवर घर रुळावर यावे, असा बेत आहे.

घर रुळावर नाही. दारातून आत आल्यावर प्रथम दृष्टीस पडते ती खुर्ची, कारण ती दिसतच नाही. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग आहे. मोरीत कालची भांडी, ओट्यावर आजची. साडेतीन वर्षांची थोरली नात, जिला सगळे मुंगी म्हणतात, एका पायात बूट घालून हिंडत होती. सात महिन्यांचा नातू बोका लेकीच्या काखेत होता. लेकीने मला वाकून नमस्कार केला तेव्हा तोही तिच्याबरोबर वाकला.

“आई, बस ना,” ती म्हणाली आणि मग कुठे बसवावे ते शोधू लागली.

जावई पुलांच्या दुरुस्तीच्या कामावर असतात. शनिवारी येतात आणि रविवारी जातात. त्यांच्याकडून आठवड्यातून एका दिवसापेक्षा अधिक अपेक्षा ठेवणे तर्काला धरून नाही.

निष्कर्षाआधी निरीक्षण हवे. म्हणून ही दैनंदिनी.

८ ऑगस्ट

माझ्या गुडघ्यांमुळे वाकण्याची आणि उचलण्याची कामे मला वर्ज्य आहेत. पाहणे आणि विचार करणे मला जमते. आज सकाळभर मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून केवळ पाहिले.

लेकीने दूध तापत ठेवले. ते तापेपर्यंत म्हणून ती मुंगीची ओली चादर काढायला गेली. गादीखाली तिला एक मोजा सापडला. त्याचा जोडीदार शोधायला ती बाल्कनीत गेली. तिथे वाळलेले कपडे दिसले म्हणून ते काढू लागली. निम्मे काढून झाले तोच बोका रडला. कपडे खांद्यावर टाकून तिने त्याला उचलले आणि त्याने त्या कपड्यांवर दूध ओकले. तोवर शेगडीवरचे दूध उतू गेले होते. पुसायला घ्यावे तर फडके बादलीत, बादलीवर चादर, आणि चादरीवर मुंगी बसलेली.

“ऊठ गं.”

“मी होडीत आहे.”

“होडी थांबव आणि ऊठ.”

“होडीला ब्रेक नसतो, आई.”

मला हसू आले, हे नमूद करते. लेकीला आले नाही.

संध्याकाळी तो मोजा बाल्कनीच्या कठड्यावर तसाच होता. निरीक्षण पुरेसे आहे: दिवसभरात तिने असंख्य कामे सुरू केली आणि बहुधा एकही संपवले नाही. ती कमी काम करते असे कोणी म्हणणार नाही. पण अर्धवट राहिलेली दहा कामे मिळून पाच पूर्ण कामे होत नाहीत.

माझ्या वेळी हे सारे आपोआप होत असे. मी सकाळी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायला जाई आणि परत येई तेव्हा घर लख्ख असे. थोरल्या जाऊबाई घरात असत खऱ्या. पण त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. किंबहुना त्या काही बोलल्याचेच फारसे आठवत नाही.

१० ऑगस्ट

मुले दुपारी झोपल्यावर लेक माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, “मला जमत नाहीये, आई.”

मी विचारले, “जमत नाही म्हणजे काय?”

आमच्या घराची ही रीत आहे. लेक बोलायला लागल्यापासून तिला ती ठाऊक आहे. मला बरे वाटत नाही, मला कंटाळा आला, ती मुलगी वाईट आहे, असे विधान आले की आधी अर्थ विचारायचा आणि मग आधार. अर्थ आणि आधार दोन्ही मिळाले तरच विधान टिकते. यामुळे ती उगाच रडणाऱ्या मुलांपैकी कधीच झाली नाही. शाळेच्या बाई कौतुकाने म्हणत, ही मुलगी एक शब्द वाया घालवत नाही.

“म्हणजे... सगळंच,” ती म्हणाली.

“‘सगळं’ असं काही नसतं. भांडी घासायला किती वेळ लागतो?”

“वीस मिनिटं.”

“जमतं?”

“जमतं.”

“कपड्यांच्या घड्या?”

“जमतात.”

असे करत आम्ही घर झाडणे, बोक्याची अंघोळ, मुंगीचे जेवण, बाजार अशी सर्व कामे तपासली. न जमणारे एकही निघाले नाही.

“मग यातलं जमत नाही ते कुठलं?”

ती पुष्कळ दिवसांनी हसली आणि म्हणाली, “विटा, आई.”

वर्गात मी दरवर्षी हे उदाहरण देत असे: भिंतीतली प्रत्येक वीट एका हाताने उचलता येते, म्हणून भिंतही एका हाताने उचलता येईल असे अनुमान काढणारा चुकतो. लहानपणी लेकीला ते फार आवडे. ती विटा रंगवी, आणि भिंत उचलू पाहणाऱ्या माणसाचे डोळे बाहेर आलेले दाखवी. तिला ते नेमके आजच का आठवले, हे कळले नाही. थकलेले मन जुन्या गोष्टींत रमते, एवढाच त्याचा अर्थ असावा.

मी तिच्यापुढे एकच नियम ठेवला. हातात घेतलेले काम पुरे झाल्याशिवाय दुसरे धरायचे नाही.

“आणि बोका रडला तर?”

“भूक, ओले किंवा दुखणे यांपैकी कारण असेल तर ते काम सर्वांत आधी. तशी खात्री करून घ्यायची. कारण नसेल तर रडणे थांबवणे हे वेगळे काम आहे. त्याची पाळी आली की करायचे.”

“बरं,” ती म्हणाली. तिने आधार विचारला नाही. मला वाटले होते, विचारील.

१३ ऑगस्ट

नियम लागू होऊन तीन दिवस झाले. आरंभीचा गोंधळ अपेक्षितच होता. काल घड्या घालताना बोका रडू लागला तेव्हा लेक दोनदा उठली आणि दोनदा बसली. तिने खात्री करून घेतली होती: पोट भरलेले, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही. शेवटी तिने हातातला शर्ट घडी करून ठेवला, त्यानंतरचाही केला, आणि ढीग संपला. खुर्ची दिसली. तिची गादी हिरवी आहे, हे मला प्रथमच कळले.

ढीग संपेपर्यंत बोका गप्प झाला होता.

मी रोज सकाळी वाचताना आणि हे लिहिताना कानातले यंत्र काढून ठेवते. यंत्राला महत्त्वाचा आणि बिनमहत्त्वाचा आवाज यांत फरक करता येत नाही. ते पाण्याचा नळ आणि माणसाचे बोलणे एकाच मापाने मोठे करते. काढले की विचार सुसंगत होतो.

दुपारी एक प्रश्न मनात आला, तो प्रामाणिकपणे लिहून ठेवते. मी लेकीवर अन्याय तर करत नाही ना? अन्याय म्हणायचा तर तिचे काही हिरावले गेले पाहिजे. तिला मी घर परत मिळवून देते आहे. प्रश्न निकाली निघाला.

१६ ऑगस्ट, शनिवार

जावई आले. दारातच थबकले आणि म्हणाले, “चुकीच्या घरात आलो की काय?” मग मुंगीला खांद्यावर घेऊन त्यांनी मोरी, ओटा आणि कपाट पाहिले. “आई, तुम्हाला आमच्या कामावर घेऊन जातो. माझे लोक अर्धा पूल सोडून चहा प्यायला जातात.”

“त्यांना नियम सांगा.”

“नियम आहेत हो. चहा त्याहून जुना आहे.”

जेवताना त्यांनी लेकीला दोन-तीनदा हाक मारली. ती ताटे पुसत होती. ती पुसून होईपर्यंत तिने ओ दिली नाही. नंतर ते मला बाल्कनीत म्हणाले, “ती बोलत नाही फारशी.”

“गरज असेल तेव्हा बोलते.”

“पूर्वी गरज नसतानाच जास्त बोलायची,” ते म्हणाले आणि हसले. “माझं डोकं उठायचं.”

डोके उठत होते तर ते थांबल्याचे दुःख कसले, हे मला समजले नाही. पण ते प्रवासाने दमलेले होते.

२२ ऑगस्ट

खालच्या मजल्यावरची शिलाई करणारी बाई आज वर आली. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत टाचणी, ती बोलण्यापूर्वी तिने काढली. मी वाचत होते. तिने दार वाजवलेले मला कळले नाही, मुंगीने उघडले. बाईचे ओठ हलताना पाहून मी यंत्र लावले.

“काकू, बाळ केव्हाचं रडतंय. घरात कोणी आहे ना?”

“आम्ही दोघीही घरातच आहोत.”

“हो ना? म्हणूनच विचारलं,” ती म्हणाली. “घरात कोणी नसतं तेव्हा समजू शकते मी.”

लेक मोरी घासत होती. तिने मान वर केली आणि शांतपणे सांगितले, “एवढा कोपरा राहिलाय. झाला की घेते.”

शिलाईवालीने चपला काढल्या, आत जाऊन बोक्याला उचलले आणि खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. तो थांबला. यावर ती विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली, जणू काही सिद्ध झाले. उचलल्यावर मूल थांबते हे कोणीच नाकारलेले नव्हते. उचलणाऱ्याची शिलाई त्या वेळी कोण करते, हा मुद्दा होता. तो मी तिला सांगितला.

“शिलाई राहते, काकू,” ती म्हणाली. “माझी नेहमीच राहते. गिऱ्हाइकं शिव्या घालतात.”

हा काही युक्तिवाद नव्हे. जाताना तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. लेकीने वळून पाहिले नाही. कोपरा अजून राहिला होता.

३० ऑगस्ट

नमूद करण्यासारखे काही घडले नाही, हेच नमूद करण्यासारखे आहे. चादरी धुतलेल्या, डब्यांवर झाकणे, मोजे जोडीने. लेक एकामागून एक काम पुरे करते. आजकाल मला सांगावे लागत नाही.

मुंगीने मात्र आज चड्डी ओली केली. दिवसाची ही सवय तर कधीच सुटली होती. विचारल्यावर म्हणाली, “मी चमचे लावत होते ना. थोडेच राहिले होते.”

तिला नियमाचा अपवाद समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “आधी चमचे पुरे करू?”

४ सप्टेंबर

बोक्याचे वजन करायला आणि लस टोचायला नर्स घरी आली. तरुण, उत्साही, वाक्यांचे शेवट अर्धवट सोडणारी. वजन वाढायला हवे तितके वाढलेले नाही, असे ती म्हणाली. किती वाढायला हवे होते ते मी विचारून घेतले. फरक थोडा आहे. “तरी बाळ शांत आहे हां फार,” ती म्हणाली. सुई टोचल्यावर तो एकदाच ओरडला आणि छताकडे पाहत राहिला.

मग ती लेकीशी बोलू लागली. “तुमची झोप होते का? पूर्वीसारखं हसू वगैरे येतं? की सगळं सोडून कुठेतरी निघून जावं, असं वाटतं कधी?”

मी म्हटले, “हे तीन प्रश्न आहेत. शिवाय ‘पूर्वीसारखं’ म्हणजे कोणत्या काळासारखं?”

“आजी, मी त्यांना विचारतेय.”

“तिला नीट उत्तर देता यावं म्हणूनच सांगते. कुठेतरी जावंसं कोणाला वाटत नाही? त्यावरून काय ठरणार?”

नर्सने माझ्याकडे पाहिले नाही. ती लेकीसमोर खाली बसली, गुडघ्यांवर. “तुम्ही सांगा.”

लेक म्हणाली, “मला सांगता येणार नाही. माझ्याकडे आधार नाही.”

मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. पुरावा नसताना मत न देणे किती जणांना साधते?

“एकदा इस्पितळात दाखवून जा,” नर्स म्हणाली.

“मी तिथेच काम करते. एक तारखेला येणारच आहे.”

नर्सचे समाधान झाले. माझेही.

१२ सप्टेंबर

घर आता पूर्ण ताब्यात आहे. बोका रडत नाही. रडण्याने काही साधत नाही हे त्याला उमगले असावे. या वयात हे अनुमान म्हणजे कमाल आहे. बाजूच्या खोलीत तो जागा आहे की झोपलेला, हे आता जाऊन पाहावे लागते.

दुपारी मुंगी बाहुलीशी खेळत होती. बाहुली कोपऱ्यात पालथी टाकलेली आणि ही खोटी खोटी भांडी घासत बसलेली. मी विचारले, “बाहुलीला काय झालं?”

“रडतेय.”

“का?”

“कारण नाहीये,” ती म्हणाली आणि घासत राहिली.

२१ सप्टेंबर

आज सकाळी स्वयंपाकघरात आले तेव्हा लेक मोरीशी उभी होती. भांडी धुऊन पालथी घातलेली, नळ सुरू, हात पाण्याखाली. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. बोटांची कातडी सुरकुतली होती. मी नळ बंद केला.

ती म्हणाली, “आई, काम संपलं की काय करायचं?”

“दुसरं घ्यायचं.”

“आणि सगळी संपली की?”

“सगळी कधी संपतात का?” मी गमतीने म्हटले.

“नाही,” ती म्हणाली. “ते कळलंय मला.”

तिने पुन्हा नळ सोडला आणि धुतलेली भांडी सुलटी करून पहिल्यापासून घासायला घेतली. तिला थांबवावे असे वाटले; पण स्वच्छ भांडे घासू नये असे आपण कधी म्हटले नव्हते. रुजू व्हायची तारीख जवळ आल्याने ती अस्वस्थ असावी. कामावर गेली की बरे वाटेल.

तिला त्या कामाची ओढ आहे, हे निश्चित. काल ती मुंगीला आपल्या तपासणीच्या खोलीविषयी सांगत होती. या महिन्यात मी तिच्या तोंडून ऐकलेले ते सर्वांत मोठे बोलणे.

“भिंतींना जाड स्पंज असतो. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आपलाच श्वास ऐकू येतो.”

“तिथे कोण रडतं?”

“कोणीच नाही.”

“मग तू तिथे काय करतेस?”

“मी बाहेर बसते. आत पेशंट बसतो,” लेक म्हणाली. “नशीबवान असतो.”

१ ऑक्टोबर

सकाळी ती वेळेवर निघाली. केस बांधलेले, कपडे इस्त्रीचे, घरात एक वस्तू जागेबाहेर नाही. दाराशी मुंगीने तिचा हात धरला तेव्हा तिने बोटे एकेक करून सोडवली, अगदी हळुवार, आणि जिना उतरली. ठरवले होते ते सर्व साध्य झाले, असे मी मनाशी म्हणाले.

दुपारी तिच्या विभागप्रमुखांचा फोन आला. गृहस्थ शब्द जपून वापरत होते. पहिला पेशंट तिने व्यवस्थित तपासला. तो गेल्यावर ती आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतले, पेशंटच्या खुर्चीत बसली आणि कानांवर हेडफोन चढवले. त्या खोलीला काचेची खिडकी आहे. त्यांनी काचेवर टकटक केली. तिने त्यांच्याकडे पाहिले, ओळखीचे हसली आणि एक बोट वर केले. थांबा, असे सांगावे तसे. बाहेर पेशंटांची रांग लागली. दार उघडून तिला बोलावले तेव्हा ती म्हणाली, “अजून पुरं नाही झालं,” आणि दार पुन्हा ओढून घेतले.

“काय पुरं नाही झालं, ते तुम्ही विचारलंत का?” मी म्हटले.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही जावयांना बोलावून घेता का?”

जावई पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ती त्यांच्याबरोबर निमूटपणे उठली, पण घरी यायला नको म्हणाली. तिला तिथेच, मागच्या इमारतीत दाखल करून घेतले आहे.

४ ऑक्टोबर

जावई तीन दिवस घरी आहेत. मुंगीला भरवतात, बोक्याला मांडीवर घेऊन बसतात. आज अचानक म्हणाले, “रोज फोनवर मी एकच विचारायचो तिला. घर कसं आहे?”

“मग?”

“छान आहे, म्हणायची. छानच होतं.” त्यांनी ओट्यावरून हात फिरवला आणि तळवा पाहिला. धूळ नव्हती.

“तुम्ही मला दोष देत असाल तर स्पष्ट बोला. मी उत्तर देईन.”

“उत्तर नकोय, आई,” ते म्हणाले. “खरंच नकोय.”

ज्याला उत्तर नको त्याच्याशी काय बोलायचे, हे मी कधी शिकले नाही आणि कोणाला शिकवलेही नाही.

९ ऑक्टोबर

लेकीला भेटून आले. खोलीत दोन खाटा, एक रिकामी. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. इस्पितळाने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे. विभागप्रमुखांनी ते तिला स्वतः येऊन सांगितले, एवढे सौजन्य त्यांनी दाखवले. बरे वाटायला किती काळ लागेल, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी मर्यादा विचारली, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. ते म्हणाले, तीही सांगता येत नाही.

मी तिच्या शेजारी बसले. बरेच काही विचारायचे ठरवून गेले होते. एवढेच विचारले, “त्या दिवशी त्या खोलीत तू काय करत होतीस?”

“बसले होते.”

“पण पुरं व्हायचं राहिलं होतं, म्हणालीस.”

“हो,” ती म्हणाली. “बसायला घेतलं होतं ना. ते पुरं नव्हतं झालं.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

“मुलांना घेऊन येऊ का पुढच्या वेळी?”

तिने खरोखर विचार केला. “नको. हे पुरं होऊ दे.”

२० ऑक्टोबर

जावई कामावर परत गेले. न जाऊन चालणार नव्हते. एकच पगार उरला आहे. मुंगी, बोका आणि मी.

पहाटे दूध तापत ठेवले. ते तापेपर्यंत मुंगीची ओली चादर काढायला गेले; ती आता रोजच ओली होते. वाकताना गुडघा धरला म्हणून जरा टेकले, तो हाताला उशीखाली पावाचा तुकडा लागला. तो टाकायला गेले तर डब्याला मुंग्या. मुंग्यांवर पाणी ओतायला तांब्या घेतला आणि बोक्याची आठवण झाली. त्याने हाक दिली म्हणून नव्हे. त्याने दिलीच नाही म्हणून. आत जाऊन पाहिले. तो जागा होता, ओला होता, गार पडला होता आणि छताकडे पाहत होता. मी हात पुढे केले. त्याने केले नाहीत. हात पुढे केले की मुले हात पुढे करतात असे मी गृहीत धरले होते. त्याला उचलून घेतले, तोही जड नाही. यातले काहीच जड नाही.

दूध उतू गेल्याचा वास आला.

शेगडी पुसायला फडके शोधू लागले. ते बादलीत होते, चादरीखाली. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, बोक्याला मांडीवर घेऊन. मुद्दाम बसले नाही, गुडघ्यांनी ठरवले. समोर मुंगी चमचे ओळीने लावत होती, मोठे एकीकडे, लहान एकीकडे.

शिलाईवालीला हाक मारावी असे मनात आले. ती ये म्हटले तर येईल. पण तिला काय सांगायचे, ते वाक्य मी मनाशी जुळवून पाहिले, आणि अर्थ व आधार यांवाचून ते निघेना.

तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, कोणाला उद्देशून ते मला माहीत नाही, “मला जमत नाही.”

मुंगीने चमच्यांवरची नजर काढली नाही.

“जमत नाही म्हणजे काय?” ती म्हणाली.

तिने पुढचा चमचा उचलला, पण ठेवला नाही. ती उत्तरासाठी थांबली होती. मी थोडा वेळ काही ऐकू येते का ते पाहिले. मांडीवर बोका जागा होता, नळ बंद होता, आणि घरात कसलाच आवाज नव्हता. यंत्र कानातच होते.